नवा स्मोकर परसात आला, आता पुढे? सांगली-साताऱ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी कोळशा-लाकडावरचा स्मोकर, म्हणजे मांस-भाजी धुरावर सावकाश शिजवायची पेटी, खोक्यातून मागवलाय किंवा फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलाय त्यांच्यासाठी हे पान आहे. बहुतेक उत्तरं ऑफसेट प्रकाराला धरून दिली आहेत. ड्रमसाठी वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलंय. खाली बऱ्याच सुधारणा सुचवल्या आहेत, पण त्या सगळ्या पहिल्याच आठवड्यात करू नका. नव्या स्मोकरला आधी वेळ द्या, पैसे नंतर. फटी बुजवल्या, आतून तेलाचा थर नीट बसवला आणि हवेचा अंदाज आला की साधा पातळ पत्र्याचा स्मोकरसुद्धा उत्तम काम देतो. हे न करता महागडा घेतला तरी मटण कडूच होणार.

ऑफसेट, ड्रम, बुलेट यांतला कोणता बरा?

चार-सहा माणसांच्या घराला ड्रम भरपूर होतो. २०० लिटरच्या पिंपात साधारण ५७ सेंटिमीटर व्यासाची जाळी बसते. तळाला कोळसा, वर मांस आणि मध्ये दोनेक फुटांचं अंतर. जळण कमी लागतं आणि एकदा हवा लावून दिली की बराच वेळ हात लावावा लागत नाही. बुलेटमध्ये कोळसा आणि जाळी यांच्यामध्ये पाण्याचं भांडं असतं, त्यामुळे तापमान सहसा उसळत नाही. नवशिक्याला तो सोपा जातो.

ऑफसेटमध्ये जाळाची पेटी म्हणजे फायरबॉक्स बाजूला असतो. धूर आणि ऊब मांसाच्या पेटीतून आडवी जाऊन धुराड्यातून बाहेर पडते. त्यात खरं लाकूड जाळता येतं आणि ती चव कोळशाला येत नाही. पण दर अर्ध्या-पाऊण तासाला एक फाटा घालायला माणूस लागतो. जाळापाशी बसायला आवडत असेल तर ऑफसेट घ्या. मटण लावून मधूनमधून गोठ्यात फेरी मारायची असेल तर ड्रम.

जुन्या पिंपाचा ड्रम स्मोकर करायचाय. काय बघून घ्यावं?

पिंपात आधी काय होतं ते विचारा, आणि खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर ते पिंप घेऊ नका. कीटकनाशक, सॉल्व्हंट, कारखान्यातलं रसायन यांचं पिंप कितीही जाळलं तरी नको. खाद्यतेलाचं चालतं. आत लाल किंवा पिवळसर रंगाचं अस्तर असेल तर उघड्यावर मोठा जाळ करून ते पूर्ण जाळा आणि तारेच्या ब्रशनं उघडा लोखंडी पत्रा दिसेपर्यंत घासा. झाकणबंद पिंपाला ग्राइंडर लावण्याआधी बूच काढून ते पाण्यानं भरून घ्या, आतल्या वाफेनं स्फोट होऊ शकतो.

तयार मागवावा की इथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा?

माझं मत स्पष्ट आहे: जागा असेल आणि चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर इथेच करून घ्या. मिरज-कूपवाडच्या एमआयडीसीत आणि सातारा-कराडकडे ट्रॉल्या, हळद शिजवायचे कुकर, गुळाच्या काहिली करणारे हात आहेत. त्यांच्यासाठी स्मोकर काही अवघड काम नाही. मात्र तुम्ही काय मागता हे तुम्हाला ठाऊक पाहिजे, कारण यातल्या बहुतेकांनी स्मोकर पाहिलेला नसतो.

पहिली गोष्ट पत्र्याची जाडी. खोक्यातल्या स्वस्त स्मोकरचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. तो पटकन तापतो आणि तितक्याच पटकन गार होतो. वाऱ्याची झुळूक आली तरी काटा हलतो. लोखंडाचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो असतं. म्हणजे ३ मिलिमीटरचा पत्रा साधारण २३.५ किलो भरतो आणि ६ मिलिमीटरचा ४७ किलो. फॅब्रिकेटर सहसा किलोवर दर लावतात, तेव्हा खर्चाचा अंदाज घरी बसून काढता येतो. मी सांगेन की फायरबॉक्स ५ किंवा ६ मिलिमीटरचा घ्या आणि मांसाची पेटी ३ मिलिमीटरची. पैसे वाचवायचे असतील तर पेटीवर वाचवा, फायरबॉक्सवर नको.

दुसरी गोष्ट, जीआय (म्हणजे जस्त चढवलेला) पत्रा, जीआय पाइप, जस्त चढवलेली वेल्डमेश जाळी यांतलं काहीही आत लावू देऊ नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि निखाऱ्याला टेकलेलं लोखंड त्याच्या वर सहज जातं. तापलेल्या जस्ताची वाफ श्वासात गेली की थंडी-तापानं माणूस आडवा होतो, वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो. साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा घ्या. मांस ठेवायची जाळी ३०४ स्टेनलेसच्या सळीची करून घेतली तर पावसाळ्यानंतर घासत बसावं लागत नाही.

तिसरी, आतल्या बाजूला रंग अजिबात मारू नका असं बजावून सांगा. त्यांच्या सवयीनं रेड ऑक्साइड आत-बाहेर दोन्हीकडे बसतो.

खोकं उघडलं. जोडायला कुठून सुरुवात करू?

सगळे भाग फरशीवर मांडा, कागदावरच्या यादीशी ताडून बघा आणि नट-बोल्ट थाळीत आकारानुसार वेगळे करा. पाय आणि सांगाडा आधी जोडा. कुठलाही बोल्ट पहिल्या फेरीत गच्च आवळू नका. सगळे हातानं बसवा, सांगाडा सपाट जमिनीवर उभा करा, लेव्हल बॉटल लावून बघा, मग पाना घ्या आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून आवळा. एक कोपरा आधीच आवळून टाकला की पेटी पिळवटते आणि झाकण एका बाजूनं उचललेलं राहतं. पुढे धूर गळण्याच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात.

फायरबॉक्स आणि मांसाची पेटी जिथे जुळते तिथे बोल्ट आवळण्याआधी सीलची दोरी किंवा पट्टी घालून घ्या. नंतर घालायची म्हटली की सगळं परत उसकटावं लागतं. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रॅफाइटचं ग्रीस लावा, नाहीतर दोन-चार जाळांनंतर ते जाम होतात आणि सुटता सुटत नाहीत.

पत्र्याची धार उघडी असते. हातमोजे घाला, किंवा आधी कानस फिरवा.

परसात नेमका कुठे ठेवावा?

उघड्यावर. गॅलरीत, बंद शेडमध्ये, शटर खाली ओढलेल्या गॅरेजमध्ये कधीच नाही, दार किलकिलं ठेवून सुद्धा नाही. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो. पाऊस आला तरी पेटता स्मोकर आत ओढू नका.

मळ्यातल्या घरी आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात: कडब्याची गंजी आणि उसाचं पाचट. धुराड्यातून ठिणगी उडते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं पाचट तिची वाटच बघत असतं. वाऱ्याच्या खालच्या अंगाला यांतलं काही नसावं आणि पाण्याची बादली हाताशी असावी. फायरबॉक्सखाली शहाबादी फरशी असेल तर ती उष्णतेनं तडकते, तिथे विटांचा एक थर पसरा.

हवा आत घ्यायचं तोंड थेट वाऱ्यात नको. वारा भरला की जाळ भडकतो आणि तुम्ही दिवसभर डॅम्परशी (हवा कमी-जास्त करायच्या झडपेशी) झटापट करत राहता. स्मोकरला चाकं असतील तर त्या दिवसाचा वारा बघून फिरवा.

सीझनिंग म्हणजे नेमकं काय, आणि ते टाळलं तर?

कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर यंत्राचं तेल, कटिंगचा चुरा, ग्रीस असतं. ते आधी जाळून घालवायचं आणि त्याजागी खायच्या तेलाचा पातळ, कडक थर बसवायचा, एवढाच अर्थ. तेल तापून हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून लाखेसारखा थर तयार होतो. हा थर गंज रोखतो, आणि पुढचा धूर त्यावर नीट बसतो. टाळलं तर पहिल्या मटणाला ग्रीसचा वास येईल आणि पहिल्या पावसाळ्यात आतून लाल गंज धरेल.

करायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो. आधी कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन आतला प्रत्येक कोपरा घासा, स्वच्छ पाण्यानं धुवा, फडक्यानं पुसा. मग झाकण उघडं ठेवून अर्धा तास हलका जाळ करा म्हणजे वेल्डिंगच्या सांध्यातलं पाणी उडेल. स्मोकर गार झाला की तेल लावा, पण अगदी पातळ. सुती फडक्यानं लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं जणू सगळं पुसूनच काढायचं. पत्रा ओला दिसता कामा नये, नुसती चमक यावी. भिंती, झाकणाची आतली बाजू, जाळ्या, फायरबॉक्सच्या तोंडाशी आडवी पट्टी असेल तर तीही, सगळ्यांना लावा. थर्मामीटरची दांडी सोडा.

आता कोळसा पेटवा आणि धुराडं पूर्ण उघडं ठेवून पेटी १२० अंशांवर आणा. सुरुवातीला झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळतील. जळणातून निघालेली वाफ गार पत्र्यावर जमते, त्यात काळजीचं काही नाही. तासाभरानं हवा वाढवून १८० ते २०० अंशांवर न्या आणि तिथे तास-दीड तास ठेवा. या वेळी उग्र वासाचा धूर येईल, तो कारखान्याच्या तेलाचा. तो थांबला की लाकडाची दोन-तीन खांडं घाला, १२० वर उतरवा आणि आणखी दोन तास जाऊ द्या. मग सगळ्या हवा बंद करून आपोआप गार होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी आत बोट ओढून बघा. काळपट-तपकिरी, कोरडा आणि गुळगुळीत थर लागला तर काम झालं. बोट चिकटलं तर तेल जास्त बसलंय. पुन्हा २०० अंशांवर तासभर तापवा म्हणजे तो सुकेल. फायरबॉक्सच्या आत तेल लावायची गरज नाही, पहिल्याच जाळात ते जळून जातं. फायरबॉक्सला बाहेरून लावा, गरम असताना.

कोणतं तेल?

आपल्याकडचं करडईचं तेल यासाठी फार चांगलं, ते लवकर सुकतं आणि थर कडक होतो. शेंगदाणा किंवा सूर्यफूल रिफाइंडही चालतं. जवसाचा थर सुंदर दिसतो पण पोपडे धरतो. वनस्पती तूप लावू नका. मोहरीचं तेल घरात असेल तर लावा, नसेल तर मुद्दाम आणायला नको.

पहिल्याच जाळात फायरबॉक्सचा बाहेरचा रंग फुगला आणि पोपडे आले. परत पाठवू का?

जवळपास सगळ्याच पातळ स्मोकरांना हे होतं. निखारे भिंतीला टेकले की तिथला पत्रा रंगाच्या मर्यादेपलीकडे तापतो. गार झाल्यावर तारेच्या ब्रशनं घासा, सँडपेपर मारा, हीट-रेझिस्टंट रंगाचे दोन पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे सावकाश तापवून पक्का करा. रंगाची कटकट नको असेल तर फायरबॉक्स उघडाच ठेवा आणि दर वेळी गरम असताना तेलाचं फडकं फिरवा. निखारे भिंतीपासून दूर ठेवले की हा त्रास पुन्हा होत नाही, त्यासाठी कोळशाची टोपली आहे. ती खाली येईलच.

धूर धुराड्यापेक्षा झाकणातूनच जास्त येतो. बुजवायचं कशानं?

आधी गळतं कुठे ते बघा. संध्याकाळी अंधार पडल्यावर जाळात ओलसर चिपाड टाका आणि बॅटरीचा झोत झाकणाच्या कडेनं फिरवा. धुराच्या रेघा लख्ख दिसतात. त्या जागा खडूनं आखून ठेवा.

झाकणाच्या कडेला ग्लास फायबरची विणलेली पट्टी किंवा दोरी बसवा. जुनी पक्कड आणि दोन सी-क्लॅम्प पुरतात. पेटीच्या न हलणाऱ्या सांध्यांना उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन बाहेरच्या बाजूनं भरा आणि २४ तास वाळू द्या. हे सिलिकॉन साधारण २५०-२६० अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे मांसाच्या पेटीला ठीक, फायरबॉक्सला नाही. फायरबॉक्सच्या सांध्याला दोरीच हवी, किंवा भट्टीचं सिमेंट.

दोरी घेताना एक सांभाळा. बॉयलरच्या सामानाच्या दुकानात "हीच टिकते" म्हणून कुणी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी पुढे केली तर ती घेऊ नका. तिचे तंतू फुप्फुसात बसतात आणि कॅन्सर करतात. ग्लास फायबर किंवा सिरॅमिक, असं स्पष्ट सांगून घ्या.

झाकणच वाकडं असेल तर पट्टीनं भागत नाही. बिजागरी सैल करून झाकण बसवून बघा, मग बाहेरून कपाटाला असते तशी ओढून बसणारी कडी लावून घ्या.

फार बारीक गळतीच्या मागे लागू नका. दोन-चार महिने वापरलं की काजळी आणि चरबीनं बारीक फटी आपोआप भरतात.

झाकणावरचं थर्मामीटर १२० दाखवतं, पण कोंबडी कच्ची राहते किंवा करपते. असं का?

कारण ते मांसाच्या जागेचं तापमान मोजतच नाही. दांडी वर झाकणाच्या घुमटात असते आणि मांस जाळीवर. दोन्हींत २०-३० अंशांचा फरक सहज पडतो. जाळीच्या पातळीला दोन भोकं पाडून, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, थर्मामीटर बसवा, किंवा डिजिटल थर्मामीटरची वायरवाली दांडी (प्रोब) जाळीला चिमट्यानं लावा. प्रोब मांसापासून तीन-चार बोटं दूर ठेवा, मांसाभोवतीची हवा गार असते.

थर्मामीटर बरोबर आहे की नाही ते उकळत्या पाण्यात दांडी बुडवून बघतात. इथे मात्र १०० ची अपेक्षा धरू नका. दर ३०० मीटर उंचीमागे पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. सांगली साधारण ५५० मीटरवर आहे, तिथे काटा ९८ च्या आसपास थांबला पाहिजे. सातारा शहर ७४० मीटरच्या आसपास, तिथे ९७.५. महाबळेश्वरात तर ९५-९६. साताऱ्यात बसून काटा १०० वर फिरवून ठेवला तर थर्मामीटर बिघडवल्यासारखंच झालं.

एका टोकाचं मांस करपतं, दुसऱ्या टोकाचं शिजत नाही.

ऑफसेटचा हा स्वभाव आहे. फायरबॉक्सच्या तोंडाशी आणि धुराड्याशी ४० अंशांचाही फरक असतो. आधी मोजून घ्या: पेटी १७० अंशांवर आणा, जाळीभर ब्रेडच्या स्लाइस सारख्या अंतरावर मांडा, दहा मिनिटांनी झाकण उघडा आणि फोटो काढून ठेवा. कुठला तुकडा काळा, कुठला पांढराफटक, यावरून पेटीचा नकाशाच मिळतो.

मग फायरबॉक्सच्या तोंडावर एक तिरकी पत्र्याची आडपट्टी बसवा म्हणजे ऊब थेट वर न येता खालून पुढे सरकेल. तिच्या पुढे जाळीच्या खाली ३-४ मिलिमीटरच्या सुट्या पट्ट्या मांडा, आधी चिकटून आणि पुढे पुढे जास्त फट ठेवून. ब्रेड पुन्हा लावा, पट्ट्या सरकवा, पुन्हा लावा. एक दुपार जाते पण मग वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. पट्ट्या बोल्टनं किंवा वेल्डिंगनं पक्क्या करू नका. एक मीटरची लोखंडी पट्टी २०० अंशांनी तापली की अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढते. दोन्ही टोकं जखडली तर ती कमान धरते किंवा पेटी वाकवते.

दुसरी सोपी सुधारणा धुराड्याची. बऱ्याच स्मोकरांत ते पेटीच्या माथ्याला असतं, त्यामुळे ऊब वरच्या वर निघून जाते. आतून पत्र्याचा नळ गुंडाळून धुराड्याचं तोंड जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणा. धूर मांसावरून जाऊनच बाहेर पडेल.

आणखी कोणत्या सुधारणा खरंच कामाच्या?

कोळशाची टोपली. एक्सपांडेड जाळीची, तळाला दोन इंच पाय असलेली. राख खाली पडते, हवा खालून लागते, निखारे भिंतीपासून दूर राहतात. ही मी सगळ्यांच्या आधी करायला सांगतो, खर्च सगळ्यात कमी आणि फरक लगेच कळतो.

पातळ पेटीच्या तळाशी चार-सहा भट्टीच्या विटा ठेवल्या तर झाकण उघडल्यावर तापमान लवकर सावरतं. चरबी गळायला तळाला एक भोक आणि खाली टांगलेला डबा हवाच. बाकी दिवे, मोबाइलवर चालणारे पंखे, साइड टेबल ही आवडीची गोष्ट.

लाकूड कोणतं वापरू? इकडे ओक-हिकरी कुठून आणणार?

आणायचंच कशाला? आंबा, पेरू, चिकू, जांभूळ, चिंच, बोर, बाभूळ यांतलं काहीही चालतं. आंब्याचा धूर सौम्य असतो, कोंबडीला आणि पनीरला तोच बरा. पेरू माझ्या सगळ्यात आवडीचा, गोडसर आणि स्वच्छ जळणारा. चिंच आणि बाभूळ जड, निखारा उत्तम पडतो, पण धूर तिखट, म्हणून ती मटणाला आणि तीही हात राखून. कडुनिंब कडू लागतो, निलगिरीला औषधी वास येतो. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा जाळात जाता कामा नये. रंगवलेलं, पॉलिश केलेलं लाकूड, प्लायवूड, जुनी पॅकिंगची खोकी यांतलं काहीच नको. वखारीत आंब्याचे तुकडे मिळतात, तेच घ्या. जंगलातून तोडून आणू नका.

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, मिरजेकडचे लोक द्राक्षाच्या लाकडाबद्दल विचारतात. द्राक्षाचं लाकूड धुरासाठी खरंच अप्रतिम आहे. अडचण फवारणीची आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात, फुकट मिळतात आणि हात शिवशिवतात. पण त्याच काड्यांवर हंगामभर बोर्डो मिश्रण, बुरशीनाशकं, कीटकनाशकं बसलेली असतात, शिवाय काडीवरचे डोळे (कोंब) फुटायला लावलेली पेस्ट. ते जाळून त्यावर मांस भाजायचं नाही. बाग मोडली असेल तर तिची जुनी खोडं आणि जाड ओलांडे (आडव्या फांद्या) मागून घ्या, वरची सुटलेली साल पूर्ण सोलून टाका, वीतभर लांबीचे तुकडे करा आणि छपराखाली निदान एक वर्ष वाळू द्या. सोललेलं खोड फिकट आणि घट्ट दिसतं. बाग कुणाची आणि शेवटची फवारणी कधी झाली, तेही विचारून घ्या.

वाळलं की नाही ते दोन तुकडे एकमेकांवर आपटून कळतं: खणखणीत आवाज आला तर वाळलं, भद्द आला तर नाही.

लाकूड पाण्यात भिजवायचं का?

नाही. आधी पाणी उडेपर्यंत ते धुमसतं आणि पांढरा कडवट धूर देतं.

जाळ एकसारखा टिकत नाही. एकदा भडकतो, एकदा विझत येतो.

गुऱ्हाळावर चुलवाणापाशी बसलेल्या माणसाला बघा. तो एकदम भारा सारत नाही, थोडं थोडं चिपाड सारखं घालत राहतो, आणि काहिलीतला रस एका लयीत उकळतो. स्मोकरचंही तसंच आहे. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब फाटा घाला, आधीचा निखारा व्हायला आला की पुढचा. पुढचा फाटा फायरबॉक्सवर ठेवून आधीच तापवा म्हणजे पडल्या पडल्या पेट घेईल, धुमसणार नाही.

धुराड्याचा डॅम्पर पूर्ण उघडा ठेवा आणि तापमान आत येणाऱ्या हवेनं सांभाळा. धुराडं मिटून तापमान उतरवायला गेलात की धूर आत कोंडतो, पत्र्यावर डांबरासारखा चिकटतो आणि मांस जिभेला झोंबतं. धुराड्यातून निळसर, पलीकडचं झाड दिसेल इतका पातळ धूर यायला पाहिजे. पांढरा दाट ढग येत असेल तर मांस अजून आत ठेवू नका.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल वापरू नका, वास पेटीत बसतो. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला तळाशी भोकं पाडा, एकदा रिकामाच जाळून वरचा रंग घालवा. खाली शेणीचा तुकडा, वर कोळसा. वीस मिनिटांत लालभडक.

पहिल्यांदा काय शिजवावं?

कोंबडीच्या तंगड्या. स्वस्त, चरबी असलेल्या, थोडं इकडे-तिकडे झालं तरी सहन करणाऱ्या. १३० अंशांवर दीड ते दोन तास, हाडापाशी ७४ अंश झाले की खायला तयार, पण ८० पर्यंत नेल्या तर जास्त मऊ होतात. गावरान कोंबडी अख्खी धुरावर शिजवायला जाऊ नका, चिवट होते. ती तासभर नुसती धुरवा आणि मग रश्शात सोडा, असा रस्सा घरच्या चुलीवरही होत नाही.

मटणासाठी बोकडाचा खांदा घ्या, हाडासकट, दीड-दोन किलोचा. परदेशातल्या पाककृती गुबगुबीत गाय-डुकराच्या तुकड्यांना धरून लिहिलेल्या असतात. आपला बोकड सडपातळ, त्याच वेळा लावल्या तर वाळून जातो. खाटकाकडून पोटावरची जाळीदार चरबी मागून घ्या आणि खांद्यावर पांघरा. मीठ-हळद आदल्या रात्री चोळा. कांदा-लसूण मसाला मात्र शेवटच्या तासात तेलात कालवून लावा, सुरुवातीपासून लावला तर त्यातला लसूण कडवट होतो. १२० अंशांवर पाच-सहा तास धरा आणि आत ९०-९५ अंश होऊन हाड हातानं फिरेपर्यंत थांबा.

मटण ६८ अंशांवर दोन तास अडकलंय. जाळ वाढवू का?

नको. मांसातलं पाणी वर येऊन वाफ होतं आणि ती वाफ ऊब घेऊन जाते, म्हणून काटा थांबतो. वरून रंग छान आला असेल तर केळीच्या पानात गुंडाळा, वर फॉइल घाला आणि परत ठेवा. काटा हलायला लागेल.

घरात मटण चालत नाही. मग स्मोकरचा काय उपयोग?

पुष्कळ. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत एकदा धुरावरच्या वांग्याचं करून बघा: टोचे मारून १३० अंशांवर तास-सव्वा तास, मग साल करपवायला दोन मिनिटं निखाऱ्यावर. कांदे, लसणाचे अख्खे गड्डे, मक्याची कणसं, रताळी सगळं चालतं. पनीरला अर्धा तास पुरे. शेंगदाणे पसरट थाळीत तासभर आंब्याच्या धुरावर ठेवा आणि त्यांचा खर्डा करा, भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. जाळ्या मात्र वेगळ्या ठेवा.

आत चरबीनं पेट घेतला तर?

झाकण लावा, धुराडं आणि हवेचं तोंड दोन्ही मिटा, लांब उभे राहा. पाणी ओतू नका, पेटती चरबी उडते. गार झाल्यावर तळातली चरबी खरवडून काढा.

पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

मे संपायच्या आत राख पूर्ण काढा. ओली राख क्षारयुक्त असते, पत्र्याला चिकटून राहते आणि तळ खाते. आत तेलाचा पातळ हात फिरवून तासभर तापवा. झाकायला ताडपत्री चालेल, पण खालून हवा खेळू द्या. घट्ट बांधली तर आत घाम धरतो आणि जाळीवर पांढरी बुरशी येते. आलीच तर कडक जाळ करा, गार झाल्यावर ब्रश मारा आणि पुन्हा तेल लावा, स्मोकर वाया जात नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी-महाबळेश्वर-पाटणकडे, पावसाळ्यात दर महिन्याला एकदा नुसता जाळ करायची सवय ठेवा.

कृष्णा-वारणेच्या पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी, विशेषतः २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या अंगणात आलं होतं त्यांनी, स्मोकर दोन माणसांना उचलता येईल असाच घ्यावा किंवा फायरबॉक्स सुटा होईल असा करून घ्यावा. पुराचं पाणी आत गेलंच तर गाळ वाळण्याआधी धुवून काढा, साबणानं दोनदा घासा, सीलची दोरी फेकून नवी लावा. भट्टीच्या विटा उन्हात आठवडाभर वाळवा, पाणी प्यायलेली वीट एकदम तापवली तर आतल्या वाफेनं फुटते. मग वर सांगितलेलं सीझनिंग पहिल्यापासून.

राख कुठे टाकू?

पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा, वरून गार वाटली तरी पोटात निखारा असतो. त्यानंतर निव्वळ लाकडाची राख परसातल्या भाजीला मूठ-मूठ घाला. काळ्या रानात आधीच चुनखडी जास्त असते, तिथे ढीग टाकू नका. चरबी मिसळलेली राख खड्ड्यात पुरा, नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात.